हात लावल्याने होत नाही

“एचआयव्ही,” जयंतने तो शब्द पुन्हा उच्चारला. पहिल्यांदा राजश्रीला तो ऐकूच आला नव्हता, किंवा ऐकू आला असूनही तिने तो आत येऊ दिला नव्हता. “पंधरा वर्षं झाली. रोज एक गोळी घेतो. रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी आहे, कित्येक वर्षं तसाच आहे. माझ्यापासून कुणाला होऊ शकत नाही, असं डॉक्टर दर सहा महिन्यांनी सांगतात. पण हे मी तुला काल सांगायला हवं होतं. कालच्या आधी.”

रविवारची दुपार होती. लीड्सच्या उत्तरेकडच्या एका उतारावर जयंतचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खिडकीच्या कट्ट्यावर अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये त्याने बियाण्याचे बटाटे मोड यायला मांडून ठेवले होते. राजश्री त्या बटाट्यांकडे बघत राहिली. हातातला चहाचा मग तिने हळूच खाली ठेवला.

“काल...” ती म्हणाली.

“काल तुला काही झालेलं नाही. आपण जे केलं त्यातनं तसंही काही होत नाही. मी गोळ्या घेत नसतो तरी झालं नसतं.”

“तुम्हाला काय माहीत?”

जवळपास दोन वर्षं अहो-जाहो करून कालच कुठे ती त्याला ‘तू’ म्हणाली होती. जयंतच्या ते लक्षात आलं. त्याने मान खाली घातली.

“निघते मी,” ती उठून कोटाच्या बाह्या शोधू लागली. “बसस्टॉपवर येऊ नका.”

तो आला नाही. पण ती तीन जिने उतरून खाली पोहोचली तरी वरचं दार लागल्याचा आवाज तिला आला नाही.

राजश्री मेश्राम बावन्न वर्षांची होती. नागपूरच्या इंदोऱ्यातून लग्न होऊन लीड्सला आली, त्याला चोवीस वर्षं झाली. नवरा संजय सात वर्षांपूर्वी हार्टअटॅकने गेला. मूल नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा ट्रेमध्ये लावणारं एक खातं असतं, तिथे ती एकोणीस वर्षं काम करत होती. वरच्या मजल्यांवरच्या डॉक्टरांना तिचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. पण गुडघ्याच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्ये किती हत्यारं असतात, कोणती कात्री कोणत्या कात्रीच्या उजवीकडे, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

जयंत फुलझेले छप्पन्न वर्षांचा. अकोल्याला शेतीची पदवी घेतलेला माणूस, आणि इथे कौन्सिलच्या, म्हणजे महापालिकेच्या, पार्कमध्ये माळी. बुद्ध पौर्णिमेला इथली आपली माणसं एक हॉल भाड्याने घेऊन जमतात, तिथे त्यांची ओळख झाली. कार्यक्रम संपल्यावर त्याने सगळ्यांना मेथीच्या जुड्या वाटल्या होत्या. “इथे मेथी होते?” असं राजश्रीने विचारलं आणि तो पंधरा मिनिटं मातीबद्दल बोलत राहिला. मग दर शनिवारी ती त्याच्या अलॉटमेंटवर जाऊ लागली. कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा तो जमिनीचा चिमुकला तुकडा, त्यावर एक लाकडी खोपटं, आणि चहाचा थर्मास. बोलणं फार नसायचंच. तो खणायचा, ती तण उपटायची.

काल, शनिवारी, गारा पडू लागल्या म्हणून दोघं धावतपळत त्याच्या फ्लॅटवर आली. ओले कोट, तापत चाललेला रेडिएटर, तिच्या केसांतल्या गारा त्याने बोटांनी काढल्या. संजय गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. रक्तदाब मोजताना नर्सने लावला असेल तेवढाच. पन्नाशीनंतर शरीर असं काही मागेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि जयंतचे हात इतके हळुवार असतील असंही. पांघरुणाखाली दोघं कितीतरी वेळ होती. ओठ होते, हात होते, अंगाला अंग होतं. एका ठिकाणी दोघंही थांबली. ती संकोचून थांबली होती. तो का थांबला, ते तिला आज, बसच्या वरच्या मजल्यावर काचेला डोकं टेकून बसल्यावर कळत होतं.

घरी आल्यावर तिने दोनदा आंघोळ केली. मग बेसिनपाशी उभं राहून कोपरापर्यंत हात धुतले, कामावर धुतात तसे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून. फोन वाजला. जयंतचा मेसेज होता. शहरातल्या सेक्शुअल हेल्थ क्लिनिकचा नंबर, आणि खाली एकच ओळ: ‘माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. यांना विचार.’

त्यानंतर त्याचा मेसेज आला नाही.

सोमवारी ती कामावर गेली. त्या दिवशी तिची पाळी धुण्याच्या बाजूला होती. तिकडे वापरलेली हत्यारं येतात. प्लॅस्टिकचा एप्रन, दुहेरी हातमोजे, तोंडासमोर पारदर्शक पडदा. समोर रक्ताने माखलेले चिमटे. तिने ते एकेक उघडून, सांध्यांतून ब्रश फिरवून मशीनमध्ये लावले. कुणाचं रक्त, कुणाला काय आजार, हे इथे कधी कळत नाही आणि कुणी विचारतही नाही. सगळं रक्त सारखंच धोक्याचं धरायचं आणि सारखंच धुवायचं, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी एकदा तिच्या बोटात टोकदार हत्यार घुसलं. तेव्हाही ती घाबरली नाही. बोट नळाखाली धरलं, सुपरवायझरला सांगितलं, टेस्ट झाल्या, संपलं. तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरी म्हणायच्या, राजश्री कशालाच घाबरत नाही.

आणि आता एका माणसाच्या हाताला ती घाबरली होती. ज्या हाताने तिच्या केसांतल्या गारा काढल्या होत्या त्याच हाताला. त्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती, छाटणीची कात्री लागल्यामुळे. तिला राहून राहून ती पट्टी दिसत होती.

मशीन सुरू झालं. पाण्याचा घुमणारा आवाज आला. आणि राजश्रीला तिची मोठी बहीण आठवली. खरं म्हणजे कालपासून तिलाच ती आठवायचं टाळत होती.

पंचशीला तिचं नाव. घरात शीलाताई. शीलाताईचा नवरा अठ्ठ्याण्णव साली गेला तेव्हा तो शब्द घरात पहिल्यांदा आला, आणि नंतर महिन्याभरात तिच्या रक्तातही सापडला. सासरच्यांनी चार वर्षांच्या लेकीसकट, कल्याणीसकट, तिला माहेरी आणून सोडलं. आईबाबांनी घेतलं, नाही असं नाही. मागच्या अंगणाकडची खोली दिली. ताट वेगळं, पेला वेगळा. ती भांडी चुकून इतरांत मिसळू नयेत म्हणून ताटाच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो ठिपका राजश्रीनेच लावला होता. तेव्हा ती सव्वीस वर्षांची, बी.ए. झालेली, भाषणं ऐकलेली, भेदभावावर कॉलेजात स्वतः भाषण केलेली मुलगी.

लग्न होऊन ती विलायतेला निघाली, त्या दिवशी दारात रिक्षा उभी होती. शीलाताई मागच्या खोलीतून अंगणात आली. दोन पावलं पुढे येऊन तिने हात पसरले. राजश्रीने होती तिथूनच हात जोडले.

“जय भीम, ताई. येते.”

शीलाताईचे हात खाली गेले. “जय भीम. सांभाळून जा गं.”

आठ महिन्यांनी शीलाताई गेली. औषधं होती जगात, पण इंदोऱ्यातल्या त्या खोलीपर्यंत पोहोचली नव्हती.

क्लिनिकला फोन लावण्यासाठी राजश्री जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या बाहेर, सायकली लावतात तिथे जाऊन उभी राहिली. मंगळवारी साडेतीनची वेळ मिळाली.

वेटिंग रूममध्ये सगळी पंचवीस-तिशीतली मुलं. एक मुलगी सरळ चिप्स खात बसली होती. राजश्रीने डोक्यावर लोकरीची टोपी ओढून घेतली होती. समोरच्या भिंतीवर हसऱ्या माणसांची पोस्टर होती, ती तिने एकही वाचली नाही. आता सगळ्यांसमोर नाव पुकारलं जाईल, असं तिला वाटत होतं. पण पुकारला गेला तो नंबर.

“या, लव्ह, बसा,” नर्स म्हणाली. यॉर्कशरची माणसं भाजीच्या दुकानातही ओळखपाळख नसताना लव्ह म्हणतात, तरी आज राजश्रीला ते बरं वाटलं. नर्सचं नाव सारा. साठीला टेकलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. “काय झालं ते सांगा. जमेल तसं. मी इथे सव्वीस वर्षं आहे. मला नवीन असं काही उरलेलं नाही.”

राजश्रीने तोंड उघडलं. मराठीत या गोष्टी तिने कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या आणि इंग्रजीत त्यांचे शब्द तिला घाण वाटायचे. “एक माणूस आहे,” ती म्हणाली. “चांगला आहे. त्याला एचआयव्ही आहे. मला नंतर सांगितलं.”

“बरं. मी विचारते, तुम्ही फक्त हो नाही म्हणा. चालेल? प्रत्यक्ष संभोग झाला?”

“नाही.”

“तोंडाने काही?”

“फक्त... ओठ. तोंडावर. चुंबन.”

“हात?”

“हो.” राजश्रीने पर्सचा पट्टा बोटांभोवती गुंडाळला. “दोघांचेही. आणि त्याचं ते... माझ्या मांडीवर. मी लगेच पुसलं.”

सारा काही लिहिता लिहिता थांबली आणि तिने चष्मा खाली सोडला. “मग आधी उत्तर सांगते, कारण तुम्ही दोन रात्री झोपलेल्या दिसत नाही. यातल्या कशानेही एचआयव्ही होत नाही. चुंबनाने नाही. हाताने नाही. अंगाला अंग लागून नाही. कातडीवर वीर्य पडलं तरी नाही. या विषाणूला शरीराच्या आत शिरायला वाट लागते. आपली धडधाकट कातडी त्याला आत घेत नाही आणि बाहेर तो फार टिकत नाही.”

“त्याच्या अंगठ्याला कापलं होतं.”

“रक्त वाहत होतं?”

“नाही. दोन दिवसांपूर्वीचं होतं. पट्टी होती.”

“मग नाही.”

“मी हॉस्पिटलात हत्यारं धुते,” राजश्री एकदम म्हणाली, जणू तिला वाद घालायचा होता. “रक्ताने होतं, मला माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी माझ्या बोटात टोक गेलं होतं, तेव्हा किती टेस्ट केल्या!”

“बरोबर केल्या. टोकाने रक्त थेट तुमच्या आत गेलं असतं. ती वेगळी वाट झाली. हा तर तुमच्या गालावर फिरलेला हात आहे, लव्ह.” सारा हसली, मग पुन्हा गंभीर झाली. “आता दुसरी गोष्ट. तो गोळ्या घेतो?”

“पंधरा वर्षं. म्हणतो, मोजता येणार नाही इतका कमी.”

“तो म्हणतो त्याचा पडताळा हवा असेल तर त्याला घेऊन या, त्याची तयारी असेल तर त्याचे रिपोर्ट तिघांनी मिळून बघू. पण विषाणू खरंच तेवढा दबलेला असेल आणि गोळ्या नियमित चालू असतील, तर पूर्ण संभोगातूनही तो तुम्हाला होत नाही. धोका कमी असतो असं मी म्हणत नाहीये. होत नाही, असं म्हणतेय. कितीतरी जोडप्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून सांगितलेलं आहे हे. खरा धोका झालाच असता तर तातडीने चालू करायच्याही गोळ्या असतात, बहात्तर तासांच्या आत. तुम्हाला त्यांची गरज नाही. टेस्ट मात्र आज करून टाका, एवढ्यासाठी नाही, तर नऊ वर्षांत एकदाही केली नाही म्हणून.”

राजश्रीने मान हलवली. छातीवरचा दगड उतरायला हवा होता. तो उतरलाही, पण त्याच्याखाली दुसरा होता.

“एक विचारू?” ती म्हणाली. “गोळ्या नव्हत्या तेव्हा? पंचवीस वर्षांपूर्वी? एखाद्या माणसाला खूप झालेला असेल, अगदी शेवटचा, आणि त्याला कुणी जवळ घेतलं... मिठी मारली. त्याच्या ताटात जेवलं.”

समोरची बाई आता त्या माणसाबद्दल बोलत नाहीये, हे साराला कळलं असावं.

“तेव्हाही नाही,” ती सावकाश म्हणाली. “मिठीने कधीच झाला नाही. ताटाने कधीच नाही. मी तेव्हा या कामात नवी होते. वॉर्डात माणसं पडलेली असायची आणि घरची मंडळी दारातून बघून परत जायची. आम्ही त्यांच्याजवळ बसायचो. हात हातात घेऊन. तासन् तास.” तिने आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. “हे बघा. मी इथेच आहे.”

“आम्हाला कुणी सांगितलं नाही,” राजश्री म्हणाली. मग थोड्या वेळाने, “सांगितलं होतं. पोस्टर होतं दवाखान्यात. मीच वाचलं होतं. हात लावल्याने होत नाही, असं लिहिलेलं होतं त्यावर. मला ते खरं वाटलं नाही.”

साराने रक्त काढलं. दंडाला पट्टा बांधताना, कापूस दाबताना, काम झाल्यावरही तिने तो दंड क्षणभर सोडला नाही.

बुधवारी राजश्री दुपारच्या पाळीला होती. सकाळी दहाला तिने नागपूरला फोन लावला. तिकडे साडेतीन वाजले होते, कल्याणीची शाळा सुटली असणार. शीलाताईची ती मुलगी आता तीस वर्षांची होती, प्राथमिक शाळेत शिकवत होती. दर रविवारी मावशी-भाचीचा फोन व्हायचा. पोळ्यावाली, पाणी आलं नाही, मुख्याध्यापिकेचा तोरा. शीलाताईचा विषय दोघीही कधी काढत नसत.

“काय व मावशी, आज बुधवारी? बरं आहे न सगळं?”

“कल्याणी, तुझ्या आईबद्दल बोलायचं होतं.”

तिकडे स्कूटर बंद केल्याचा आवाज आला. “बोल न.”

राजश्रीने सांगितलं. ठिपक्यापासून सांगितलं. अंगण, रिक्षा, पसरलेले हात, जोडलेले हात. मध्ये कुठे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. “मी घाबरले होते,” ती शेवटी म्हणाली. “आणि घाबरायचं काही कारण नव्हतं. हे मला तुला आधी सांगायला हवं होतं.”

तिकडून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

“मले राग येऊन रायला मावशी, खोटं कशाला बोलू,” कल्याणी म्हणाली. “त्या ताटाचा ठिपका तू लावला, हे मले माहीत नव्हतं. मी तर त्याच ताटात जेवत होती. आईच्या हातानं. आजी ओरडायची, मी ऐकतच नव्हती. रात्री तिच्या कुशीत शिरून झोपायची. पाच वर्षांची होती मी. घाबरायचं असते, हे मले समजतच नव्हतं.”

“बरं झालं,” राजश्री म्हणाली. “बरं झालं गं बाई, तू होतीस तिच्याजवळ.”

“रडून रायली का तू?”

“नाही.”

“आजी सांगायची,” कल्याणी म्हणाली. आवाज मऊ झाला होता. “तू गेल्यावर आई म्हणे हसली होती. म्हणाली, राजी पहिल्यापासूनच भित्री आहे, पालीले पण भिते. तिच्यावर रागवू नका कोणी.”

त्या दिवशी राजश्रीने कामावर कळवलं की तिला बरं वाटत नाही. एकोणीस वर्षांत असं तिने चौथ्यांदा कळवलं असेल.

शुक्रवारी क्लिनिकचा मेसेज आला. रिपोर्ट निगेटिव्ह होता. तिला तो असणारच हे आता माहीत होतं, तरी तिने तो दोनदा वाचला.

शनिवारी ऊन पडलं होतं, मार्चमधलं ते फिकट ऊन, ज्यात कोट काढवत नाही. अलॉटमेंटच्या फाटकातून आत शिरल्यावर तिला लांबूनच जयंत दिसला. गुडघ्यांवर बसून तो वाफ्यात लावणीचे बारके कांदे खोचत होता. फाटक वाजलं तशी त्याने मान वर केली. उठून उभा राहिला, हात पँटला पुसले, पण पुढे आला नाही. तिनेच किती जवळ यायचं ते ठरवावं, म्हणून तो जागचा हलत नव्हता.

“क्लिनिकमध्ये जाऊन आले,” ती म्हणाली. “टेस्ट पण केली. निगेटिव्ह आहे.”

“बरं झालं.”

“तू सांगितलंस तेच तिने सांगितलं. शब्दाला शब्द.”

तिने ‘तू’ म्हटलेलं ऐकून जयंतने खाली मातीकडे पाहिलं. “विचारणार नाहीस? मला कसा झाला ते?”

“सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. मी विचारणार नाही.” मग तिचा आवाज चढला. “पण राग आहे मला, जयंत. हे तुझ्याकडून मला आधी कळायला हवं होतं. काही होणार नव्हतं, मान्य. तरी ते ठरवायचं माझं मला होतं.”

“हो. चुकलंच,” तो म्हणाला. “पंधरा वर्षांपूर्वी निमोनियाने हॉस्पिटलात होतो तेव्हा कळलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती मुलांना घेऊन निघून गेली होती. त्यानंतर मी कुणाला सांगितलंच नाही. सांगायची वेळ येईल असं कुणी आलंही नाही.” त्याने खांदे उडवले. “तू जिना उतरत होतीस न, तेव्हा मी दार लावलं नाही. उगाच.”

राजश्री वाफा ओलांडून त्याच्याजवळ गेली. त्याचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. माती ओली होती, थंडगार. अंगठ्यावरची जखम भरून आली होती, नवी कातडी गुलाबी दिसत होती. तिने त्या जागेवरून आपलं बोट फिरवलं. पलीकडच्या वाफ्यात एक म्हातारे इंग्रज गृहस्थ फावडं टेकवून उभे होते. त्यांनी टोपीला हात लावला आणि दुसरीकडे तोंड केलं.

खोपट्यापुढच्या फळीवर दोघं बसली. मग तिने त्याला शीलाताईबद्दल सांगितलं. कल्याणीला सांगितलं होतं तेच, पण या वेळी थांबत थांबत. सांगून झाल्यावर तिला वाटलं, तो आता म्हणेल की तू लहान होतीस, किंवा तेव्हा काळच तसा होता. सगळे तेच म्हणाले असते.

“कशी होती?” जयंतने विचारलं.

“कशी म्हणजे?”

“म्हणजे आजारी पडायच्या आधी. स्वभावाने. कशी होती शीलाताई?”

चोवीस वर्षांत शीलाताईबद्दल कुणी विचारलं असेल तर ती कशाने गेली एवढंच विचारलं होतं. तेही दबक्या आवाजात, आणि राजश्रीने प्रत्येकाला कावीळ सांगितली होती.

“शिट्टी वाजवायची,” ती म्हणाली, आणि आपल्याला हे आठवतंय याचंच तिला नवल वाटलं. “अशी सुरेख वाजवायची, काय सांगू. गाणीच्या गाणी. आई ओरडायची, बाईच्या जातीने शिट्टी वाजवू नये म्हणून. मग ती गच्चीवर जाऊन वाजवायची. मला शिकवायला बघायची. ओठ असे कर, म्हणायची, जीभ खाली दाब.”

“मग? आली तुला?”

“कुठली! नुसतीच थुंकी उडायची.”

जयंत हसला. तीही हसली. मग तिने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. हवा तेवढी बाहेर आली, आवाज काही आला नाही. तिने ओठ ओले केले, जीभ खाली दाबली, आणि पुन्हा करून पाहिलं.